हवा असलेल्या खोल्या

मी टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्या त्यांच्या पदरात घालायच्या, याचा मला पगार मिळतो. दहा वर्षं हेच केल्यामुळे कोणी नुसतं "चहा घेणार?" असं विचारलं तरी यामागे काय असेल हे मी आधी बघते. आई म्हणते, "सुचेता, तू साखरेतसुद्धा खडा शोधशील." शोधते. आणि बहुतेक वेळा सापडतो.

त्यामुळे डिसेंबरच्या चौदा तारखेला, सलग दुसऱ्या रविवारी, त्याच टीमने आम्हाला त्याच पद्धतीने लोळवलं तेव्हा मला फार विचार करावा लागला नाही. मी हेडफोन काढून टेबलावर आपटला आणि स्वतःशीच म्हणाले, आपल्या चौघांत कोणीतरी फितूर आहे.

खेळाचं नाव कोल्डडॉक. एका विझलेल्या ग्रहाभोवती फिरणारा मोडका अवकाशतळ, त्यात चार-चार जणांच्या दोन टीम. तळाच्या मधोमध एक निळा चकाकणारा गाभा असतो, तो उचलून आपल्या यानापर्यंत न्यायचा आणि वाटेत गोळी खायची नाही, एवढंच काम. पण या खेळात एक खोच आहे. तळाच्या काही खोल्यांत हवा आहे, काहींतली कधीच निघून गेली आहे. हवा असलेल्या खोलीत तुम्ही बोललात तर वीस पावलांवरच्या शत्रूलाही ऐकू जातं. हवा नसलेल्या खोलीत शेजारच्या मित्रालाही ऐकू जात नाही, तिथे हातवाऱ्यांवर भागवायचं. टूर्नामेंटमध्ये बाहेरून फोन लावून बोलायला बंदी असते. जे काय बोलायचं ते खेळात, हवेत.

बाकीच्या टीम यामुळे जीव मुठीत धरून कुजबुजत खेळायच्या. आम्ही खुशाल ओरडायचो, कारण आम्ही मराठीत ओरडायचो. या शहरात हिंदी सगळ्यांना कळते, इंग्रजी तर कळतेच, आणि कन्नड, तमिळ, तेलुगू कळणारा एकेक जण प्रत्येक टीममध्ये असतोच. मराठी कोणाला कळणार? मी तर त्या अवकाशतळाचं बारसंच करून टाकलं होतं. छताला लागून केबल नेलेली अरुंद जागा म्हणजे माळा. गाभा ठेवलेली मधली खोली म्हणजे माजघर. पाइपांनी भरलेली, हवा नसलेली ती मोरी, आणि मागचा लांबलचक बोगदा तो बोळ. "आशय, तू बोळात थांब, मी माजघरात शिरते!" असं मी खच्चून ओरडायचे आणि शत्रू दहा पावलांवर उभा राहून बावळटासारखा ऐकत बसायचा. या एका गोष्टीच्या जोरावर आम्ही सहा महिने जिंकत होतो.

आम्ही म्हणजे मी, टीमची कॅप्टन, पुण्याची, अवधूत नागपूरचा, आशय डोंबिवलीचा. तिघंही पोटासाठी मारतहळ्ळीच्या एकाच ऑफिसात येऊन पडलेलो. चौथा रणजीत. तोही आमच्याच ऑफिसातला, पण इथलाच, राजाजीनगरचा. त्याचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि राहिले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, शाळाही कन्नड. त्यामुळे त्याची मराठी माझ्या कानाला बिसीबेळे भातावर मेतकूट घातल्यासारखी लागायची, आणि हे मी त्याला तोंडावर सांगायचे. तो हसायचा. मी नवीन होते तेव्हा कँटीनमध्ये एकटी बसले असताना हा अनोळखी माणूस ताट घेऊन समोर आला आणि म्हणाला, "पुण्याहून काय अक्का? जेवण झालं काय?" आठ दिवस मी ऑफिसात कोणाशी मराठीचा शब्द बोलले नव्हते. मला तेव्हा रडूच यायचं बाकी होतं. तो माझ्याहून जेमतेम वर्षाने लहान, पण त्या दिवसापासून मी त्याची अक्का झाले, याला तीन वर्षं झाली.

मागे एकदा त्याने आम्हाला हटकलं होतं. "मराठीत बोललं म्हणजे लपलं म्हणून समजू नका हं अक्का. या गावात आमच्यासारखे लोक पुष्कळ आहेत. स्वल्प हळू बोला."

"तुमच्यासारखे लोक बंदुका घेऊन अवकाशात फिरतात का रे?" मी विचारलं होतं. सगळे खो खो हसले. तोही हसला होता.

आता मला ते हसणं आठवत होतं आणि त्यात काहीतरी वेगळंच दिसत होतं.

आम्हाला लोळवणाऱ्या टीमचं नाव होतं 'फिफ्थ ब्लॉक'. टूर्नामेंटमधली आमची पहिली खरी मॅच अठ्ठावीस तारखेला त्यांच्याशीच होती, आणि त्याआधीच्या तीन रविवारी सकाळी अकरा वाजता सराव. त्यांच्यातले तिघे कन्नडमध्ये भरपूर बडबड करायचे. चौथा कधी तोंड उघडायचा नाही. खेळातलं त्याचं नाव 'ग्राउंड फ्लोअर'. मी माजघराकडे निघाले की हा माजघराच्या दारात बंदूक रोखून उभा. बोळातून जायचं ठरवलं की बोळाच्या तोंडाशी हा. दोन रविवारांत त्याने मला अकरा वेळा मारलं. त्याचा नेम काही फार चांगला नव्हता. मी कुठून येणार हे त्याला आधी ठाऊक असायचं, म्हणून नेमाची गरजच पडायची नाही.

मला सगळ्यांचाच संशय यायला लागला. तसा माझ्या घरातही संशयाला तोटा नव्हता. मी जे. पी. नगरात एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर राहते. खाली घरमालकीण आंटी, सत्तरीच्या, आणि त्यांची सून संयोगिता, शाळेत गणित शिकवते. मुलगा मस्कतला. फाटकावर पाटी 'ए. एस. राव', म्हणजे आंटींचे यजमान, ते मी यायच्या आधीच गेलेले. मी त्या दोघींशी हिंदीत बोलायचे, त्याही माझ्याशी हिंदीत, आणि मोजकंच. घर छान, पाणी भरपूर, पण एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकायची. मी जिना उतरायला लागले की शब्द कळायच्या आत खालचं बोलणं बंद व्हायचं, नळ बंद केल्यासारखं. म्हणजे माझ्याबद्दलच बोलत असणार, नाहीतर थांबायचं कारण काय? गॅलरीत उभी राहून मी आईला फोनवर सांगायचे, "सासू भोचक आणि सून गोगलगाय, पोटात पाय." खणखणीत आवाजात सांगायचे. भाषेची सोयच होती ना.

तर सोमवारी मी फितूर शोधायच्या कामाला लागले.

अवधूतला आधी वगळलं. त्याच्या पोटात काही राहत नाही. बायकोच्या वाढदिवसाला गुपचूप काय आणलंय हे त्याने बायकोलाच सांगितलं होतं. फितुरी करायची तर तोंड बंद ठेवता यायला हवं. आशयवर मात्र दोन दिवस घालवले. खेळताना तो आपला स्क्रीन कोणाला तरी दाखवतो असा मला वास आला होता. निघालं भलतंच. तो दाखवत होता स्वानंदी नावाच्या एका मुलीला. नुकतंच लग्नाचं बोलणं चालू झालं होतं, आणि तिला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने कान लाल करून कबूल केलं. मी मोठ्या मनाने सोडून दिलं.

राहिला रणजीत. आणि एकदा त्याच्याकडे त्या नजरेने बघायला लागल्यावर पुरावे काय, रांग लावून उभे राहिले. फिफ्थ ब्लॉक टीमची नोंदणी राजाजीनगरातून झालेली, हा राजाजीनगरचा. दर मॅचनंतर सोमवारी ऑफिसात हा एका काळ्या वहीत काहीतरी लिहायचा, तेही कन्नडमध्ये. कँटीनमध्ये ती वही उघडून बसलेला असायचा आणि मी जवळ गेले की मिटायचा. आणि ते "स्वल्प हळू बोला"! आज ना उद्या कोणी विचारेल, तेव्हा कामाला येईल म्हणून पळवाट आधीच करून ठेवलेली. मला त्याचा रागच आला. आपल्या माणसाचा येतो तसा.

मी सापळा लावला. तिघांना तीन वाटा सांगायच्या, ज्याची वाट फुटेल तो चोर. अवधूतला सांगितलं, मोरीतून येईन. आशयला सांगितलं, बोळातून. रणजीतला कँटीनमध्ये एकट्याला गाठून म्हटलं, "या खेपेला मी माळ्यावरून. कोणाला बोलू नकोस."

"सरी अक्का," तो म्हणाला आणि डोसा खात राहिला.

इतक्या सहज कोणी 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणतं का? निदान का म्हणून तरी विचारतं.

एकवीस तारखेला, नेहमीसारखीच ज्याला त्याला सूचना देत, आरडाओरडा करत मी माळ्यावर चढले. वरच्या टोकाला ग्राउंड फ्लोअर उभा होता. बंदूक रोखून, शांतपणे. मला गोळी लागली आणि खरं सांगते, मला आनंद झाला. चूक सापडली की होतो तोच आनंद.

पुढच्या शनिवारी दुपारी मी तिघांनाही घरी चहाला बोलावलं. रणजीत दहा मिनिटं आधीच आला. मी वरून गॅलरीतून पाहिलं तर तो फाटकाशीच थांबला होता. खाली आंटी कट्ट्यावर बसून अवरेकाळू सोलत होत्या. आपले पावटेच ते, पण डिसेंबरात सगळं शहर त्यांच्या मागे वेडं होतं. रणजीत त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि चार शेंगा हातात घेऊन सोलायलाच लागला. बोलणं ऐकू येत नव्हतं, पण आंटी हसत होत्या. दोन वर्षांत त्या माझ्यासमोर कधी अशा हसल्या नव्हत्या. मी जिन्यावर पाऊल टाकलं मात्र, दोघं गप्प.

म्हणजे इथेही.

सगळे आल्यावर मी चहा ओतला आणि सापळ्याची गोष्ट सांगून टाकली. सगळी, पहिल्यापासून. "माळ्याचं फक्त तुला माहीत होतं रणजीत," मी म्हटलं.

रणजीतने आधी अवधूतकडे पाहिलं, मग आशयकडे. दोघंही कपात बघत होते.

"अक्का, एक ऐका. तुमच्या खालच्या त्या अज्जी..."

"विषय बदलू नकोस."

"बदलत नाही की. त्या अज्जी आहेत ना..."

"खालच्या म्हातारीचा इथे काय संबंध? त्या वहीत काय लिहितोस ते सांग."

त्याने बॅगेतून ती काळी वही काढली आणि टेबलावर ठेवली. "यात सगळं आहे. घ्या, वाचा."

"मला कन्नड वाचता येत नाही हे तुला चांगलं माहीत आहे. म्हणूनच तर लिहितोस ना त्यात?"

मला वाटलं होतं तो भांडेल, आवाज चढवेल, आणि मग मलाही चढवता येईल. त्याने कप उचलून आत मोरीत नेऊन ठेवला. परत येऊन चप्पल घालता घालता म्हणाला, "तीन वर्षं झाली अक्का. तुम्ही मला नुसतं विचारायचं होतं."

"उद्यापासून खेळायला येऊ नकोस," मी म्हणाले.

तो गेला. जिन्यात अर्ध्यावर त्याची पावलं थांबली, कोणाशी तरी दोन शब्द बोलल्यासारखी, आणि मग फाटक वाजलं. वही टेबलावरच राहिली.

"त्याला बोलू तरी द्यायचं होतं ना यार," अवधूत म्हणाला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आशयने वहीच्या पानावर मोबाईल धरला. अ‍ॅपने अक्षरं कन्नड म्हणून लगेच ओळखली, पण अर्थ लावताना त्याची दमछाक झाली. एकाही वाक्याला शेंडा ना बुडखा.

"बघ," मी म्हटलं, "साधं कन्नडही नाही. सांकेतिक भाषेत लिहितो. प्रामाणिक माणसाला सांकेतिक भाषा कशाला लागते?"

दुसऱ्या दिवशी, अठ्ठावीसला, रणजीतच्या जागी अवधूतच्या ओळखीतला रविकिरण खेळला. चांगला खेळला बिचारा. पण मी बोळात शिरले, बोळाच्या तोंडाशी ग्राउंड फ्लोअर. माजघरात शिरले, दाराआड ग्राउंड फ्लोअर. पाऊण तासात आम्ही टूर्नामेंटमधून बाहेर होतो.

"आता तर रणजीत नव्हता," आशय हळूच म्हणाला.

"त्याने आधीच सगळं सांगून ठेवलं असणार," मी म्हणाले. हे म्हणताना माझाच आवाज मला पटला नाही, म्हणून मी तेच पुन्हा जरा मोठ्याने म्हणाले. एकेक जण खेळातून बाहेर पडला.

मला पुरावा हवा होता. टूर्नामेंट गेली तर गेली, पण मी एका माणसाला दाराबाहेर काढलं होतं, आणि ते बरोबर होतं हे मला आता कोणाकडून तरी ऐकायचं होतं. कन्नड वाचणारं जवळात जवळ कोण? मी वही घेतली आणि जिना उतरले. खालचं बोलणं नेहमीप्रमाणे बंद झालं.

आंटी कट्ट्यावर शेंगांचं ताट घेऊन बसल्या होत्या. संयोगिता दारात आली. तिच्या केसांवर मधोमध काहीतरी दाबून बसल्याचा वळ होता. असा वळ मी रोज आरशात बघते, पण तेव्हा माझं लक्ष वहीत होतं.

"संयोगिताजी, ये ज़रा पढ़कर बताएँगी? कन्नड में है," मी म्हटलं.

तिने वही घेतली. पहिली ओळ मनात वाचली. मग सासूबाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "ज़ोर से पढ़ूँ?"

"हाँ, पढ़िए ना."

तिने वाचायला सुरुवात केली.

"सात तारीख. माजघर. पकडलं. इथे हवा आहे. अक्का बोलल्या. चौदा तारीख. बोळ. पकडलं. हवा आहे. अक्का बोलल्या. मोरीत तीनदा गेलो, एकदाही पकडलं नाही. तिथे हवा नाही."

मी तिला थांबवून म्हणणार होते, आधी हिंदीत अर्थ सांगा. मग लक्षात आलं की मला सगळं कळतंय. अक्षरं कन्नड होती, आणि त्या अक्षरांत रणजीतने मराठी लिहिली होती. त्याच्या शाळेने त्याला लिहायला जी अक्षरं दिली, त्यांत त्याने घरची भाषा लिहिली होती. मी त्याला सांकेतिक म्हणाले होते.

संयोगिता वाचतच होती. तिचा आवाज शाळेत उत्तरपत्रिका वाचावी तसा सरळ होता.

"एकवीस तारीख. माळा. अक्कांनी मला एकट्यालाच सांगितलेलं, पण चढताना सवयीने त्याच ओरडल्या, मी माळ्यावर चालले म्हणून. त्यांच्यात एकाला मराठी येते. नक्की. अक्कांना सांगायला पाहिजे. सगळ्यांसमोर नको, कॅप्टन आहेत, वाईट वाटेल. शनिवारी लवकर जाऊन सांगतो."

तिने वही मिटून माझ्या हातात दिली.

"तुम्हाला मराठी येते?" मी विचारलं. दहा वर्षांच्या टेस्टरने विचारावा असा हा प्रश्न नव्हता.

"घरात दुसरं काय बोलणार?" संयोगिता म्हणाली. मराठीत. रणजीतसारख्याच, किंचित हेल काढलेल्या मराठीत.

"मग माझ्याशी कधी..."

उत्तर आंटींनी दिलं, ताटातून नजर न उचलता. "तू घर बघायला आलीस ना, त्या दिवशी मी कॉफी करून आणली. पाटीवर राव म्हणून आहे, तुला कळणार नाही, आपणच सांगू म्हटलं. तुझी बोली ऐकून मला बरं वाटलेलं. तर तू फोनवर आईला सांगत होतीस, घर छान आहे, पण म्हातारी भोचक दिसते. जाऊ दे, यांना काय कळतंय म्हणून. मग मी काही बोलले नाही. कॉफी दिली."

मला तो दिवस आठवला. ती कॉफीही आठवली. साखर जास्त होती असं मी आईला नंतर जिन्यातच सांगितलं होतं.

"दोन वर्षं तीन महिने," संयोगिता म्हणाली. "तुम्ही आलात की आम्ही गप्प व्हायचो. आता कुठल्या तोंडाने मराठी बोलायचं म्हणून. तुम्हालाच अवघड झालं असतं." ती जरा थांबली. "आणि गोगलगाय मी. ग्राउंड फ्लोअर पण मीच."

मी कट्ट्यावर बसले.

"वरून दर रविवारी एवढी आरडाओरड यायची की म्हटलं बघू तरी काय आहे. माझा भाऊ रणवीर राजाजीनगरात असले खेळ खेळतो, त्याच्याकडून शिकले आणि त्याच्याच टीममध्ये शिरले. पण एक सांगते, छताला कान लावून मी काही ऐकलेलं नाही. मॅच असली की खिडक्या लावते, फॅन लावते. हेडफोनमध्ये, खेळात जे कानावर आलं तेवढंच. माजघर, माळा, मोरी. आमच्या सासूबाई अजून हेच शब्द बोलतात. मला तर गंमतच वाटली की हे शत्रू आपल्या घरातल्यासारखं बोलतायत." ती हसली नाही. "तुम्ही त्याला काढाल असं मात्र वाटलं नव्हतं."

"काल तुम्ही ऐकलंत?"

"वरचं सगळं खाली येतं गं," आंटी म्हणाल्या. "तो पोरगा इथे बसला, दोन वाक्यांत ओळखलं त्याने मला. म्हणाला, अज्जी, तुम्ही आमचेच की. अक्कांना माहीत आहे काय? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, आज सांगून टाकतो, किती खूश होतील बघा. आणि मग वर तुझा आवाज चढला. मी उठून जिन्यापर्यंत आले होते. अर्धा जिना चढले पण. तो खाली येत होता. म्हणाला, नको अज्जी, राहू दे. आता तुम्ही गेलात तर त्यांना सगळ्यांसमोर खाली बघावं लागेल."

मला लाज वाटली. नुसती लाज नाही, कुठेतरी तोंड लपवावं असं वाटलं, आणि लपवायला जागा तर माझ्या डोक्यावरच्याच मजल्यावर होती. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामात चुका शोधल्या. आणि वीस पावलांवर कोणी ऐकत असेल अशी शंका मला दोन वर्षांत एकदाही आली नाही. ऐकणारा माणूस आहे हेच मी धरलं नव्हतं. ज्याने मला हे आधी सांगितलं, त्यालाच मी चोर ठरवलं.

"फोन कर त्याला," आंटी म्हणाल्या.

मी तिथेच बसून लावला. पाचव्या रिंगला त्याने उचलला. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"रणजीत," मी म्हटलं, "मी चुकले. तुझी वही वाचून घेतली. संयोगिताने वाचली, खालच्या. तीच ग्राउंड फ्लोअर आहे. सगळं मीच ओरडून सांगत होते रे, तू बरोबर होतास, तू पहिल्यापासून सांगत होतास. मी तुला बोलू दिलं नाही. मला माफ कर." एका दमात बोलले. मध्ये थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं.

मग त्याचा आवाज आला, अगदी सभ्य, ऑफिसातल्या मीटिंगमध्ये असतो तसा.

"कोई बात नहीं, सुचेताजी. हो जाता है."

"रणजीत, अरे, ऐक ना..."

"जी, बोलिए."

तीन वर्षांत त्याने माझ्याशी कधी हिंदीचा एक शब्द काढला नव्हता. मीटिंगमध्येसुद्धा, सगळ्यांसमोर, हळूच वाकून "अक्का" म्हणायचा.

"कल ऑफिस में मिलते हैं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

फाटकावरच्या पाटीकडे बघत मी बसून राहिले. त्यातला ए. म्हणजे अप्पासाहेब आणि आंटींचं नाव सकवारबाई, हे मला त्याच दुपारी, नंतर कळलं. आत्ता मात्र त्या माझ्याकडे बघत होत्या, पहिल्यांदाच नीट.

"काय म्हणाला?"

"हिंदीत बोलला," मी म्हणाले.

सकवारबाईंचा शेंगा सोलणारा हात थांबला. त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं.

"मग दिवस लागतील," त्या म्हणाल्या. "मला दोन वर्षं लागली. सोल."